फराळाचा हिशेब आणि ‘नाहीतर’चा सापळा



एरवी मी इथे गवत, गायी आणि सांख्यिकी यांबद्दल लिहिते. आज मात्र प्रोग्रॅमिंगचा एक धडा. ज्यांनी नुकतंच पायथन किंवा तत्सम काही शिकायला घेतलंय, आणि ज्यांचा पहिलाच प्रोग्रॅम ‘अमुक घेतलं तर किती पैसे होतील’ असा आहे, त्यांच्यासाठी. असा किमतीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक नवशिक्या लिहितो. गुणाकार-बेरीज सगळ्यांना जमते. अडतं ते वापरणाऱ्याने काय निवडलं हे ओळखताना.

आमच्या घरी ही नवशिकी म्हणजे माझी आई. वय ६३. मिरजेला एका बँकेत ३१ वर्षं कॅशियर होती. गेल्या वर्षी सहा महिने इथे पामर्स्टन नॉर्थला माझ्याकडे राहायला आली, पंधरा दिवसांत घरातली सगळी कपाटं लावून झाली आणि मग म्हणाली, “तू दिवसभर त्या लॅपटॉपला काय सांगत असतेस ते मलाही शिकव.” शिकवलं. पुढे दिवाळी आली. इथे दिवाळी वसंतात येते, संध्याकाळी आठपर्यंत उजेड असतो, पणत्या लावायची कुणाला घाई नसते. आमच्या गावातली मराठी मंडळी मिळून फराळ करतात आणि एका रविवारी सभागृह भाड्याने घेऊन ऑर्डरी घेतात. आई म्हणाली, या वर्षी हिशेब माझा प्रोग्रॅम करेल.

त्या रविवारी ४१ ऑर्डरी आल्या. लोक लॅपटॉपसमोर बसून आपली ऑर्डर स्वतः टाइप करत होते, प्रोग्रॅम रक्कम सांगत होता, पैसे घेतले जात होते. आई शेजारी बसून जुन्या सवयीने प्रत्येकाला तोंडी विचारून वहीतही लिहीत होती. रात्री घरी येऊन तिने वहीची बेरीज केली. वही आणि प्रोग्रॅम यांत २ डॉलर १५ सेंटचा फरक निघाला. प्रोग्रॅमने कमी पैसे घेतले होते.

मी म्हटलं, “अगं, ते राउंडिंग असेल. सोड.”

इथे न राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते. न्यूझीलंडमध्ये १ आणि २ सेंटची नाणी १९९० मध्ये बंद झाली आणि ५ सेंटचं नाणं २००६ मध्ये. तेव्हापासून सगळ्यात लहान नाणं १० सेंटचं. रोख पैसे देताना एकूण रक्कम जवळच्या १० सेंटवर आणतात. १ ते ४ सेंट खाली, ६ ते ९ वर, आणि नेमके ५ आले तर काय करायचं हे दुकानदारावर सोडलेलं आहे. बरेच जण खाली नेतात, आम्हीही नेले होते. कार्डाने पैसे दिले तर यातलं काहीच नाही, सेंटपर्यंत अचूक रक्कम कापली जाते. (आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा ही कल्पना काही परकी नाही. आपण फक्त त्याचा नियम कधी बोलून दाखवला नाही, सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवली.)

आईने माझ्याकडे पाहिलं. “रोखीच्या ऑर्डरी सव्वीस. सगळे दर शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे, म्हणजे एका ऑर्डरीमागे जास्तीत जास्त ५ सेंट जाणार. सव्वीस पंचे एकशे तीस. सगळ्यांचे गेले तरी १ डॉलर ३०. मग २ डॉलर १५ कुठून आले?”

पीएचडी माझी आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

मग आम्ही बसलो. १३ रोख ऑर्डरी पाचावर संपणाऱ्या होत्या, त्यांचे ६५ सेंट राउंडिंगमध्ये गेले. उरला दीड डॉलर. तो तीन ऑर्डरींमध्ये निघाला, प्रत्येकी ५० सेंट, आणि तिन्ही चिवड्याच्या. २०० ग्रॅमचं पाकीट ४.३५ डॉलर. शेंगदाण्यांशिवाय हवं असेल तर वेगळं करावं लागतं म्हणून ४.८५. वहीत तिघांपुढे ‘शें. नको’ असं लिहिलेलं होतं आणि प्रोग्रॅमने तिघांनाही शेंगदाण्यांचा चिवडा लावला होता. त्यातल्या एका घरातल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. साधी नाही, त्याची आई पर्समध्ये ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घेऊन फिरते अशी.

पाकिटं मंगळवारी द्यायची होती, म्हणून निभावलं. पण त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून त्या कोडच्या पाच ओळी ज्या नजरेने पाहिल्या, त्या नजरेने तुम्हीही पाहाव्यात म्हणून हा लेख.

कोड मी इथे मराठीत लिहिते. ‘जर’ म्हणजे इफ, ‘नाहीतर’ म्हणजे एल्स, ‘जोपर्यंत’ म्हणजे व्हाइल, ‘विचार’ म्हणजे इनपुट, ‘छाप’ म्हणजे प्रिंट, ‘पूर्णांक’ म्हणजे इंट, ‘परत’ म्हणजे रिटर्न. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावं देवनागरीत दिलेली चालतात, मात्र हे कळीचे शब्द आणि कोडमध्ये थेट लिहिलेले आकडे इंग्रजीच लागतात. तर त्या पाच ओळी अशा होत्या:

उत्तर = विचार("शेंगदाणे हवेत की नकोत? ")
जर उत्तर == "नकोत":
    दर = ४८५
नाहीतर:
    दर = ४३५

वाचायला अगदी सरळ. नकोत म्हणाले तर महाग, नाहीतर स्वस्त. आईने पाच-सहा वेळा चालवूनही पाहिलं होतं. कधी ‘हवेत’ लिहिलं, कधी ‘नकोत’, दर वेळी उत्तर बरोबर. गोम अशी की तपासताना तिने तेच दोन शब्द टाइप केले जे लिहिताना तिच्या मनात होते.

सभागृहात एकाने लिहिलं ‘नको’. एकाने ‘नाही’. आणि तिसऱ्याने ‘नकोत’च लिहिलं, पण शेवटी स्पेसबार दाबला गेला. संगणकाच्या दृष्टीने ‘नकोत’ आणि ‘नकोत’ अधिक एक मोकळी जागा हे दोन वेगळे शब्द आहेत. तिघंही पहिल्या ‘जर’मधून गळून ‘नाहीतर’मध्ये पडले, आणि आम्ही ‘नाहीतर’चा अर्थ ‘शेंगदाणे हवेत’ असा लावून ठेवला होता.

इथे क्षणभर थांबा, कारण सगळा धडा इथेच आहे. ‘नाहीतर’चा अर्थ ‘दुसरा पर्याय’ असा नाही. ‘नाहीतर’ म्हणजे ‘वर जे विचारलं ते सोडून जगातलं बाकी सगळं’. त्यात ‘हवेत’ आहे, ‘नको’ आहे, ‘नाही’ आहे, ‘थोडेच घाला’ आहे, चुकून दाबलेलं एंटर आहे, मांजर की-बोर्डवरून चालत गेली तर जे उमटेल तेही आहे. पर्याय दोनच आहेत हे फक्त तुमच्या डोक्यात असतं, प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलेलं नसतं.

मी हे समजावत असताना आई म्हणाली, “म्हणजे मी काउंटरवर पाचशेची नोट ओळखायची आणि बाकी जे काही येईल ते शंभराचं म्हणून गल्ल्यात टाकायचं, असं झालं की हे!” अगदी तसंच. कॅशियर काय करतो? पाचशे ओळखतो, दोनशे ओळखतो, शंभर ओळखतो, आणि जी नोट ओळखता येत नाही ती काचेखालून परत करतो. ती कुठल्याच कप्प्यात टाकत नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती अशी:

जर उत्तर == "नकोत":
    दर = ४८५
नाहीतर जर उत्तर == "हवेत":
    दर = ४३५
नाहीतर:
    छाप("हे मला समजलं नाही. पुन्हा सांगा.")

प्रत्येक खरा पर्याय नाव घेऊन ओळखायचा, आणि शेवटचं ‘नाहीतर’ फक्त न ओळखलेल्यासाठी राखून ठेवायचं. त्यात किंमत कधीही ठेवायची नाही.

आता प्रश्न असा येतो की ‘नको’, ‘नाही’, ‘नकोत’, ‘नकोच’ हे सगळं ओळखावं का? पहिला मोह तोच होतो. आईने लगेच लिहिलं:

जर उत्तर == "नकोत" किंवा "नको":

आणि चमत्कार झाला. आता कुणीही काहीही लिहिलं तरी दर ४८५! ही चूक शंभरातले नव्वद नवशिके करतात (हा आकडा माझ्या वैतागातून आलेला आहे, सर्वेक्षणातून नाही). मराठीत आपण ‘उत्तर नकोत किंवा नको असेल तर’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. पायथन मात्र ‘किंवा’च्या दोन्ही बाजू स्वतंत्र वाचतो. डावीकडे, उत्तर ‘नकोत’ आहे का? उजवीकडे नुसतं “नको”. आता नुसता शब्द खरा की खोटा? पायथनच्या नियमाने रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खरा धरला जातो. त्यामुळे उजवी बाजू कायम खरी, म्हणून सगळं वाक्य कायम खरं. बरोबर लिहायचं तर दोन्ही बाजूंना ‘उत्तर ==’ हवं, किंवा त्याहून सुटसुटीत:

जर उत्तर ["नकोत", "नको", "नाही"] मध्ये आहे:

हे चालतं. तरी माझं मत असं की ही शब्दांची यादी वाढवत बसू नये. ‘नाही’ म्हणजे काय, हेच पाहा. ‘शेंगदाणे हवेत की नकोत’ला ‘नाही’ म्हटलं तर नकोत. पण प्रश्न ‘शेंगदाण्यांशिवाय हवा का’ असा असता तर तोच ‘नाही’ उलट अर्थाचा झाला असता. जिथे चुकीच्या अंदाजाने कुणाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो, तिथे प्रोग्रॅमने शहाणपणा करून अंदाज बांधू नये. पुन्हा विचारावं. वापरणारा वैतागला तर वैतागू दे.

आणि मुळात शब्द टाइप करायला लावूच नये. पर्यायांना क्रमांक द्यावेत आणि क्रमांक विचारावा.

क्रमांक म्हटल्यावर आणखी एक गंमत. ‘विचार’ने जे परत मिळतं ते नेहमी मजकूर असतं, आकडा नव्हे. आईने पहिल्या दिवशी ‘किती पाकिटं?’ विचारलं, २ टाइप केलं आणि त्याला थेट ४३५ ने गुणलं. स्क्रीनवर २२२२२२२… असा २ चा महापूर आला, बरोबर ४३५ वेळा. पायथनमध्ये मजकुराला पूर्ण संख्येने गुणणं म्हणजे तो मजकूर तितक्यांदा लिहिणं. हे एका परीने बरंच झालं, इतकी ढोबळ चूक नजरेतून सुटत नाही. सुटतात त्या दीड डॉलरच्या.

मजकुराचा आकडा करायला ‘पूर्णांक(...)’ वापरायचं. आपल्यासाठी आनंदाची बातमी अशी की पायथनला देवनागरी आकडे कळतात. पूर्णांक("२") चं उत्तर खरोखरच २ येतं. पण जर तुम्ही आकडा न करता मजकूर म्हणूनच तुलना केली, तर देवनागरी “२” आणि इंग्रजी दोनचा आकडा हे वेगळेच राहतात. म्हणून आधी आकडा करा, मग तुलना करा. आजूबाजूची मोकळी जागाही ‘पूर्णांक’ स्वतःच झटकून टाकतो. ‘दोन’ असं अक्षरात लिहिलं तर मात्र तो तक्रार करून प्रोग्रॅम थांबवतो, आणि ती तक्रार आपण झेलायची असते. त्यासाठी ‘प्रयत्न’ आणि ‘चूक आली तर’ अशी जोडी आहे, पायथनमध्ये ट्राय आणि एक्सेप्ट.

सगळं एकत्र केल्यावर आईचा सुधारलेला कोड असा झाला:

चिवडा = {१: ("शेंगदाणे घालून", ४३५), २: ("शेंगदाण्यांशिवाय", ४८५)}

कार्य निवड(पर्याय):
    जोपर्यंत खरे:
        प्रत्येक क्रमांकासाठी छाप(क्रमांक, नाव, दर)
        मजकूर = विचार("क्रमांक टाइप करा: ")
        प्रयत्न:
            क्र = पूर्णांक(मजकूर)
        चूक आली तर:
            छाप("फक्त वरचा एखादा क्रमांक टाइप करा.")
            पुढची फेरी
        जर क्र पर्याय मध्ये आहे:
            परत पर्याय[क्र]
        छाप("असा क्रमांक यादीत नाही.")

महिरपी कंसातला तो तक्ता म्हणजे पायथनमधली डिक्शनरी. क्रमांकावरून नाव आणि दर मिळतात. या बदलाने दिसायला थोडंच वेगळं झालं, पण जबाबदारी हलली. आधी पर्याय कोडभर ‘जर-नाहीतर’मध्ये विखुरलेले होते. आता ते एका ठिकाणी आहेत, लोकांना दाखवायची यादी आणि तपासायची यादी एकच आहे, आणि उद्या चकलीचा तिसरा आकार आला तर तक्त्यात एक ओळ वाढवली की झालं. ‘निवड’ हे कार्य चिवड्यालाही चालतं, लाडवालाही, ‘रोख की कार्ड’लाही. यादीतलं काहीतरी मिळाल्याशिवाय ते परत येतच नाही.

तक्ता वापरताना एक पळवाट मात्र टाळा. डिक्शनरीला ‘गेट’ नावाची सोय असते: क्रमांक सापडला तर दर दे, नाही सापडला तर मी देतो तो ठरावीक आकडा घे. म्हणजे चिवडा.गेट(क्र, ४३५). लिहायला सुबक, पण हा आपला जुना ‘नाहीतर’च आहे, धुतलेले कपडे घालून आलेला. चौकोनी कंसाने विचारलं तर नसलेल्या क्रमांकावर प्रोग्रॅम आरडाओरडा करतो. तो करू द्यावा.

ही खोड एकट्या पायथनची नाही. मी रोजच्या कामात आर ही भाषा वापरते. ती आमच्या न्यूझीलंडचीच लेक. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली आणि १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. वर सांगितलेली ‘किंवा’ची चूक आरमध्ये केली तर ती सरळ नकार देते, मजकूर खरा की खोटा हे मला विचारू नका म्हणते. पण तिच्यात ‘स्विच’ नावाचं एक कार्य आहे. त्याला पर्यायांची यादी द्यायची आणि निवड सांगायची. यादीत नसलेली निवड सांगितली आणि शेवटी ठरावीक उत्तर दिलेलं नसेल, तर ते ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं परत करतं, आणि तेही चुपचाप, स्क्रीनवर न दाखवता. तो नल पुढे ‘सम’ने बेरजेत धरला की शून्यासारखा विरघळून जातो. आमच्या फराळात असं झालं असतं तर तिघांना चिवडा फुकट मिळाला असता. त्याच आरमध्ये ‘मॅच.आर्ग’ नावाचं कार्यही आहे, जे यादीबाहेरचं काही आलं की थांबतं आणि चालणारे पर्याय वाचून दाखवतं. एकाच भाषेत दोन्ही स्वभाव नांदतात, निवड आपली.

अजूनही तुम्हाला शब्दच टाइप करून घ्यायचे असतील, तर मराठी माणसाच्या वाट्याला एक खास संकट आहे. ते इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंग्रजीत लहान-मोठ्या लिपीचा घोळ असतो, आपल्याकडे तो नाही. पण आमच्या यादीत ‘खाऱ्या शंकरपाळ्या’ होत्या. त्यातला ‘ऱ्या’ पाहा. संगणकात तो किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एक, युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, ते घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि ‘या’ जोडायचा. दोन, साधा ‘र’, त्याला खाली नुक्ता, मग पाय मोडून ‘या’. तीन, साधा ‘र’, पाय मोडायचा, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ‘या’. कुणाच्या फोनचा कीबोर्ड यातलं काय करतो हे त्या कीबोर्डवर अवलंबून. साधारणपणे तिन्ही दिसायला सारखेच दिसतात. पण ‘==’ लावलं की तिन्ही वेगळे! तुम्ही डोळे फाडून पाहाल, दोन्हीकडे खाऱ्याच दिसेल, आणि संगणक म्हणेल की नाही, या खाऱ्या त्या खाऱ्या नव्हेत.

पहिले दोन प्रकार युनिकोड समान मानतं, त्यामुळे पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ या संचातलं ‘नॉर्मलाइझ’ वापरलं की ते एक होतात. तिसरा त्याने एक होत नाही, तो तुम्हालाच शोधून बदलावा लागतो. नावांची यादी, गावांची यादी (कऱ्हाड!), आडनावं (गोऱ्हे, कुऱ्हाडे) असं काही शोधणारा प्रोग्रॅम लिहिणार असाल तर हे लक्षात असू द्या. फराळाला मात्र क्रमांकच बरा.

पैशांबद्दल थोडक्यात. वरच्या कोडमध्ये दर डॉलरमध्ये नसून सेंटमध्ये, पूर्ण संख्येत आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण पायथनला ४.३५ गुणिले १०० विचारलं तर उत्तर येतं ४३४.९९९९९९९९९९९९९४. दशांश अपूर्णांक संगणक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ४.३५ त्या पद्धतीत नेमका बसत नाही. पुढे कुणी त्याचा ‘पूर्णांक’ केला की दशांशानंतरचं सगळं कापलं जाऊन ४३४ उरतात, एक सेंट गायब. सेंटमध्ये सुरुवात करा, सेंटमध्येच शेवट करा, डॉलरचं टिंब फक्त छापताना लावा.

रोखीचं राउंडिंगही तसंच. पायथनमध्ये ‘राउंड’ आहे म्हणून आईने १४५५ सेंटांना १० ने भागून राउंड केलं, परत १० ने गुणलं, आले १४६०. १४४५ ला तेच केलं तर आले १४४०. एकदा वर, एकदा खाली! कारण नेमका अर्धा आला की पायथनचा ‘राउंड’ जवळच्या सम संख्येकडे जातो. मोठ्या आकडेवारीसाठी हे योग्यच आहे, पण दुकानातल्या नियमाशी त्याचा संबंध नाही. आपल्याला पाच नेहमी खाली हवेत, तर:

रोख = (सेंट + ४) // १० * १०

‘//’ म्हणजे भागाकारातली बाकी टाकून देणं. १४५५ मध्ये ४ मिळवले की १४५९, त्यातून १४५०. १४५६ मध्ये ४ मिळवले की १४६०, ते तसेच. आईला ही ओळ सगळ्यात आवडली. आणि ही ओळ फक्त ‘रोख’ निवडल्यावरच चालवायची, कार्डाला नाही, आणि एकूण रकमेवर एकदाच, प्रत्येक पाकिटावर नाही.

काय विचारायचं नाही, हेही ठरवावं लागतं. आईच्या पहिल्या मसुद्यात ‘जीएसटी लावायचा का? हो/नाही’ असा प्रश्न होता. हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचाच नाही. वर्षाला ६० हजार डॉलरच्या खाली उलाढाल असेल तर इथे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आम्ही त्याच्या कितीतरी खाली. आणि नोंदणी असलेल्या दुकानातही पाटीवरच्या किमतीत १५ टक्के आधीच धरलेले असतात. किमतीतून तो वेगळा काढायचा तर ३ ने गुणून २३ ने भागायचं, २३ डॉलरच्या वस्तूत ३ डॉलर जीएसटी. पुष्कळ जण सरळ १५ टक्के काढून मोकळे होतात, ते चूक.

संख्येलाही सीमा हवी. सभागृहात एका दहा वर्षांच्या मुलाने पाकिटांची संख्या उणे २ टाकली आणि प्रोग्रॅमने मंडळच त्याचं देणं लागतं असं सांगितलं. १ ते २० च्या बाहेर काही आलं तर पुन्हा विचार, एवढंच.

शेवटी आईने एक पडदा वाढवला, जो मला सुचला नव्हता. पैसे घेण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण वाक्यात वाचून दाखवतो: “चिवडा, शेंगदाण्यांशिवाय, ३ पाकिटं, १४.५५ डॉलर. रोख दिल्यास १४.५०. बरोबर असेल तर १, बदलायचं असेल तर २.” काउंटरवर ती पैसे हातात देताना रक्कम मोठ्याने म्हणायची, तेच. ‘२’ असं नुसतं दाबलेलं बटण माणसाला आठवत नाही, पण ‘शेंगदाण्यांशिवाय’ हा शब्द वाचला की चूक झाली असेल तर तो माणूसच ओरडतो.

नव्या कोडला आम्ही रविवारच्या ४१ ऑर्डरी पुन्हा भरवल्या. जिथे मूळ उत्तर यादीबाहेरचं होतं तिथे वहीतलं धरलं. फरक ६५ सेंट आला, सगळा राउंडिंगचा. तेव्हा आईने वही मिटली.

मग त्या मुलाच्या आईला फोन केला. झालं ते सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, पण एक विचारते, शेंगदाण्यांशिवायचा चिवडा करता तो त्याच कढईत का? तोच झारा? आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. अर्थात त्याच कढईत.

त्या रात्री आईने चिवड्याच्या तक्त्यातल्या दुसऱ्या पर्यायाचं नाव बदललं. आता तिथे ‘शेंगदाणे न घालता (त्याच स्वयंपाकघरात केलेला, ॲलर्जी असल्यास घेऊ नये)’ असं लांबलचक लिहिलेलं आहे. ओळ स्क्रीनबाहेर जाते, दिसायला वाईट दिसते. मी लहान करू का म्हटलं तर नको म्हणाली. त्या घरी तिने स्वतः, धुतलेल्या नव्या पातेल्यात, रव्याचे लाडू करून पाठवले. ते प्रोग्रॅममध्ये नव्हते, वहीत आहेत.

परवा मिरजेहून फोन होता. तिथल्या महिला मंडळाने तिला संक्रांतीच्या तिळगुळाचा हिशेब करायला सांगितलाय. विचारत होती, दोघींनी दोन फोनवरून एकाच वेळी ऑर्डर टाकली आणि पाकीट एकच उरलं असेल, तर ते कुणाचं?